आबानं उधळलेलं वारं

आधीच सांगून टाकतो — मी इंजिनवाला माणूस. उभा जन्म ग्रीसमध्ये हात घालून काढला. भूत, करणी, भानामती... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि आजही नाही. या सदरात कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात. ते वाचून मला भीती वाटत नाही, राग येतो. तेव्हा "आजोबा, वाऱ्याची झुळूक आली असेल हो" असं पत्र मला पाठवायचं असेल तर पोस्टाचे पैसे वाचवा. वारं आलं होतं हे मलाही माहीत आहे. ते कुठून आलं, ते सांगता येत असेल तर लिहा.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचं गाव माजलगाव आणि दिंद्रुडच्या मधलं. आता तिकडं धरणाचं पाणी आणि ऊस आहे, तेव्हा नुसती काळी रानं आणि ज्वारी. मी विशीत घर सोडून हैदराबादला पळालो, मोटारीचं काम शिकलो आणि एका जहागीरदाराच्या मुलाकडं नोकरीला लागलो. त्याला सगळे छोटे सरकार म्हणत. या इसमाकडं स्वतःचं दोन माणसांचं विमान होतं — लाकूड, कापड, तारा आणि पुढं पंखा. मी त्याचा मिस्त्री. पुढच्या सीटवर मी बसायचो, मागून तो चालवायचा.

आई गेली तेव्हा मला रजा मिळाली नाही. खरं सांगायचं तर मी नेटानं मागितलीही नाही. तेव्हापासून आबा, म्हणजे माझा बाप, माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. सहा वर्षं झाली होती.

त्या फाल्गुनात छोटे सरकारांना शिकारीची हुक्की आली आणि नेमकं आमच्याच गावाच्या पूर्वेच्या माळावर विमान उतरलं. सुगी चालू होती. मळणी उरकून ज्वारी भुसकटासकट सगळ्यांच्या खळ्यांवर पडलेली, फक्त उपणायची, म्हणजे वाऱ्यावर धरून भुसकट उडवायची बाकी. उपणायला वारं लागतं. आणि आम्ही उतरलो त्याच दुपारी वारं पडलं! पान हलेना. एक दिवस, दोन दिवस... मावळतीकडं आभाळ काळं होत चाललेलं. ज्वारी भिजली असती तर गावाची वर्षाची भाकरी गेली असती.

मग काय विचारता! 'या यंतरानं वारं खाल्लं' म्हणून गाव माझ्यावर उठलं. छोटे सरकारांना बोलायची कुणाची छाती नव्हती, मी होतोच. ज्या गावात वाढलो त्या गावात मला कुणी तांब्याभर पाणी दिलं नाही. बाया मला पाहून थुंकायच्या.

आता आबाचं सांगतो. आमच्या गावात वारं बोलवायचं काम आबाकडं होतं, त्याच्याआधी त्याच्या बापाकडं. उपणायच्या उंच तिवईवर उभं राहायचं, भरली पाटी डोक्याच्या वर धरायची आणि हाक मारायची. एका सुगीला एकच हाक. दुसरी पोचत नाही, असं आबा म्हणायचा. मी लहानपणापासून ते बघितलेलं आणि माझं मत पक्कं होतं — म्हातारा हुशार आहे, वारं सुटायच्या बेतात आलं की ओरडतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाटील आबाच्या खळ्यावर गेला. मीही मागं जाऊन उभा राहिलो.

"आबा, आता तरी हाक मार. आभाळ बघ की जरा."

"त्ये यंतर हितं हाय तवर न्हाई," आबा म्हणाला. "एकच हाक हाय. ती कावून वाया घालू?"

"आन् यंतर गेल्यावर?"

"दिसंनासं झालं की लगी मारतो. समद्यांची ज्वारी निघंल." मग माझ्याकडं न बघता पाटलाला म्हणाला, "त्या मिस्त्र्याला म्हणावं, तोंड काळं कर हितून."

मिस्त्री! पोटचं पोर समोर उभं आणि म्हणे मिस्त्री! माझं डोकं सणकलं.

त्याच रागात जाऊन मी पेट्रोल भरलं. डबे खळ्यांच्या कडेला ठेवलेले, त्यांवर भुसकट बसलेलं. पेट्रोल चामड्याच्या गाळणीतून गाळून घ्यायचं असतं, त्याला वेळ लागतो. मी तसंच ओतलं. तेव्हा पुढं इंजिन का बंद पडलं यात कुणी भूतबीत आणू नका. नंतर मी स्वतः कार्बुरेटर खोलून त्यातलं भुसकट काढलं. चूक माझी होती.

दुपारी सगळं गाव माळावर जमलं. निरोप कसला, आम्ही खरंच जातोय का ते बघायला आले होते. "चल बे, पंखा मार," छोटे सरकार म्हणाले. मी पंखा फिरवला आणि पळत जाऊन पुढं बसलो. हवा मेलेली. तशा हवेत विमान उचलायला फार पळवावं लागतं. माळ संपता संपता चाकं सुटली, तोंड गावाकडं. चिंचेच्या दोन झाडांएवढी उंची झाली असेल... आणि इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. बंद! पंखा डोळ्यांसमोर उभा राहिला.

विमानवाल्यांना एक नियम पाठ असतो. टेक-ऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर मागं वळायचं नाही. मागची जमीन कितीही चांगली असू दे, समोर जे असेल तिथं उतरायचं. वळलात की वेग जातो आणि विमान सरळ खाली येतं. आमच्या समोर होती दगडी विहीर, तिच्या कडेची बाभळं आणि त्यांच्यापलीकडं गावाची खळी. बाभळं ओलांडण्याइतका दम विमानात उरला नव्हता. छोटे सरकारांनी घाबरून वळवायला घेतलं. एक पंख झुकला. मी मागं तोंड करून बोंबललो, "सरकार, मुडो मत! सीधा! सीधा!" आता मेलो, असंच वाटलं. आईची आठवण आली, खोटं कशाला बोलू.

इंजिन बंद पडल्यावर वर जी शांतता होते ती फार वाईट. तारांची शीळ, बाकी काही नाही. त्या शांततेत मला हाक ऐकू आली — "येऽऽ गा येऽऽ वाऱ्या बाऽऽ!" आबाचा आवाज. तो मी कुठंही ओळखला असता.

आणि समोरून वारं आलं. झुळूक म्हणणाऱ्यांनी नीट वाचावं — मान मागं गेली माझी! खळ्याखळ्यांवरचं भुसकट उठलं, सगळं पिवळं झालं. झुकलेला पंख सरळ झाला, विमान वर उचललं गेलं, बाभळांचे शेंडे चाकांना घासले. पलीकडं त्या वाऱ्यानं आम्हाला असं दाबून धरलं की माणूस चालतो तेवढ्या वेगानं आम्ही खळ्यावर टेकलो. एक चाक मोडलं, माझा ओठ फाटला. बस, एवढंच. विमान थांबलं त्याच क्षणी वारंही थांबलं. उडालेलं भुसकट सरळ खाली माझ्या मांडीवर पडलं.

वीसेक पावलांवर आबा तिवईवर उभा होता. पाटी अजून डोक्याच्या वर.

"देखा? क्या उतारा मैंने!" हा छोटे सरकारांचा पहिला शब्द. गाढव लेकाचा!

गाव माळावरून धावत आलं. पाटलानं एकदा विमानाकडं बघितलं, एकदा पाटीकडं. त्याला कळलं.

"हाक मारलीस? आमचं वारं त्या पोरावर उधळलंस?"

आबानं पाटी खाली घेतली.

"पुन्यांदा मार."

"पोचत न्हाई."

"मार म्हणतो ना!"

त्यानं मारली. संध्याकाळपर्यंत मारत राहिला, घसा बसला, नुसती हवा निघायला लागली. पान हललं नाही. दुसऱ्या दिवशी गारा पडल्या आणि सगळ्या गावाची ज्वारी काळी पडली. आबाचीही पडली.

गावानं त्याला माफ केलं नाही आणि मी गावाला माफ केलेलं नाही. पुढं त्याच्या मातीला माझ्याबरोबर तीन माणसं होती, तीही शेजारच्या गावची. पुढं मी हवामान कळणाऱ्या एका साहेबाला हे सगळं विचारलं. म्हणाला, योगायोग. तीन दिवस मेलेली हवा एका मिनिटासाठी उठते, बरोबर समोरून येते आणि चाकं थांबताच थांबते... याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा. माझ्याकडं स्पष्टीकरण नाही. त्या साहेबाकडंही नव्हतं, फक्त खुर्ची होती.

चाक बसवून आम्ही निघालो त्या दिवशी मी आबाच्या पाया पडायला वाकलो. त्यानं पाय मागं घेतले. पण बोलला. सहा वर्षांनी पहिल्यांदा, बसलेल्या घशानं —

"तुझ्यासाठी न्हाई मारली. तसं मनात आणू नको. खळ्यावर बाया व्हत्या, लेकरं व्हती. त्यांच्या डोस्क्यावर पडलं असतं त्ये."

मी "बरं" म्हणालो आणि विमानात जाऊन बसलो.

आबानं हाक मारली तेव्हा सगळं गाव माळावर होतं. खळी मी वरून बघितली होती, एकूणएक. तिथं आबा एकटा होता.