दुसऱ्यांदा दाबलेलं बटण

अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे तोफ. फोन उचलला की समोरच्याला ती रडायलासुद्धा उसंत देत नसे. "आधी रस्ता सांगा, मग घर नंबर, रडायचं नंतर!" घाबरलेली माणसं काहीही बरळतात. त्यांच्याकडून धड पत्ता काढून घेणं म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही, आणि तोफ त्यात वाघीण होती.

रस्त्याचं नाव यादीतून निवडायचं, घर नंबर टाइप करायचा आणि तोच नंबर स्क्रीनवर वाचून फोनवर परत म्हणून दाखवायचा, असा नियम. ती मात्र स्क्रीनकडे बघायचीच नाही. कानावर पडलेला नंबर तसाच म्हणायची, आणि डोळे तोवर नकाशावर, कुठली गाडी जवळ आहे ते शोधायला. तेवढाच वेळ वाचतो, असं तिचं म्हणणं. इतक्या वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती, मग तिला कोण बोलणार? नव्या मुलींनीही तिचं बघून तेच उचललं होतं.

मग तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाणार, असंही सांगून टाकलं. घरी धाकटी बहीण, अंथरुणाला खिळलेली. दोघींचं सगळं तिच्या एकटीच्या पगारावर.

"अक्का, ऑफिसात कळलं तर गं?" बहिणीनं विचारलं.

"कळायला मी काय दवंडी पिटणार आहे?"

पण कीबोर्ड कुठला गप्प बसतोय! एकदा दाबलेलं बटण दोनदा उमटायचं. पाचचे पंचावन्न व्हायचे. खोडा, परत टाका, आणि पलीकडे माणूस जीव मुठीत धरून बसलेला. एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले. "ताई, हल्ली वेळ लागतोय," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात तिचं बोट शिफ्टच्या बटणावर जरा जास्त वेळ रेंगाळलं आणि स्क्रीनवर एक चौकट आली. चुकून दाबल्या जाणाऱ्या बटणांकडे दुर्लक्ष करायचं का, असं कॉम्प्युटर विचारत होता. अगं बाई, याला बरं कळलं! तिनं सेटिंग उघडलं. तेच बटण लगेच पुन्हा दाबलं गेलं तर ते धरायचं नाही, अशी एक सोय होती. तिनं त्यावर खूण केली आणि वेळ होता होईल तेवढा वाढवून ठेवला. पाच दाबून पाहिलं. बोट उडालं, पण पाच एकच उमटला. तिच्या जिवात जीव आला. कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता.

इथेच खरं तर कुणीतरी तिचा हात धरायला हवा होता. दुसऱ्यांदा दाबलं ते हात थरथरला म्हणून की माणसानं मुद्दाम, हे त्या कॉम्प्युटरला काय कळणार कप्पाळ! तिनं पाच दाबून पाहिलं. पंचावन्न काही दाबून पाहिलं नाही.

एका दुपारी फोन आला. वडिलांच्या छातीत कळ आली होती आणि मुलगा रडकुंडीला आलेला.

"घर नंबर?"

"सत्याहत्तर."

"सत्याहत्तर," ती खणखणीत म्हणाली. बोट सातवर दोनदा पडलं. डोळे नकाशावर होते. पत्ता ड्रायव्हरच्या स्क्रीनवर गेला, गाडी निघाली.

थोड्या वेळानं त्याचाच फोन. "अजून आली नाही हो!"

नकाशावर गाडीचा ठिपका त्याच रस्त्यावर उभा होता. तोफेचा आवाज चढला. "दारात उभी आहे गाडी! खाली येऊन बघा!"

"वडिलांना एकटं टाकून?"

"या म्हटलं ना!"

तो धावला. फोनमध्ये जिन्यावरची पावलं ऐकू आली, मग रस्ता. "ताई, इथे काहीच नाही हो."

तेवढ्यात वायरलेसवर ड्रायव्हर बोलला, "ताई, सात नंबरला तर कुलूप आहे."

"सात?" तिनं स्क्रीनकडे पाहिलं. तिथे एकच सात होता. दुसरा सात तिनं थांबून, सावकाश दाबला आणि पत्ता परत पाठवला. गाडी पोहोचली तोवर वडील गेले होते. एकटेच असताना गेले.

संध्याकाळी साहेबांनी फोनचं रेकॉर्डिंग लावलं. तिचा आवाज स्वच्छ: सत्याहत्तर. स्क्रीनवरही आता सत्याहत्तरच. साहेब ड्रायव्हरवर उखडले. "झोपेत गाडी चालवतोस? उद्यापासून येऊ नकोस!"

"साहेब, आईशप्पथ, सातच होतं." त्यानं तिच्याकडे पाहिलं.

तिला गप्प बसता आलं असतं. पण बहीण डोळ्यांसमोर आली, घर आलं, आणि स्वतःची इतकी किळस आली की तिला तिथे उभं राहवेना.

"सातच होतं, साहेब. मी नंतर बदललं." मग तिनं सगळंच सांगितलं. हाताचं, सेटिंगचं, स्क्रीनकडे न बघता नंबर म्हणायचं.

"कधीपासून आहे हे सेटिंग?"

"उन्हाळ्यापासून."

आता लोक स्वेटर घालून येत होते. नोकरी वाचलेला ड्रायव्हर खुर्चीत बसला, पण त्याच्या तोंडावर सुटकेचं नाव नव्हतं.

"ताई, पावसाळ्यात तुम्ही मला एका बाळंतिणीसाठी पाठवलं होतंत. अडली होती ती. तीन नंबरचं घर." तो तिच्याकडे वळला. "तेहतीस होतं का हो ते?"

तिला आठवलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

"तीन नंबरवाले म्हणाले, इथे कुणी बाळंतीण नाही. पुन्हा फोनही आला नाही. मला वाटलं, कुणीतरी थट्टा केली." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी परत आलो, ताई."