बाबा कुठल्या गाडीने आले?

आधीच सांगून टाकते, मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. "आपोआप झालं" असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं, कारण आपोआप काही होत नसतं, कोणीतरी माती खाल्लेली असते. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचायचे आणि नवऱ्याला वाचून दाखवून हसायचे. तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही...

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मी आणि माझा नवरा निखिल लंडनमध्ये हॅरोला राहतो. माझे बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. सत्तरी ओलांडलेली, बायपास झालेली, आणि स्वभाव असा की एका जागी बसवलं तर खुर्चीलाच कंटाळा येईल. लंडन बघून झालं, वेम्बलीला ईलिंग रोडवर जाऊन भाज्यांचे भाव बघून झाले, म्हणून मग यॉर्कशायरमध्ये चार दिवस एक कॉटेज घेतलं. गावाचं नाव देत नाही. मालकीणबाई भल्या आहेत, माझ्यामुळे त्यांचा धंदा नको बसायला.

हे कॉटेज म्हणजे मूळचं रेल्वे स्टेशन. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत एके काळी अशा छोट्या ब्रांच लाइन्सचं जाळं होतं – दोन डब्यांची गाडी, दुधाचे कॅन, बाजाराला निघालेली माणसं. साठच्या दशकात तोट्यात चालतात म्हणून कितीतरी लाइन्स बंद केल्या आणि रूळ उपटून नेले. आमच्या स्टेशनात आता अंडरफ्लोअर हीटिंग होतं आणि तिकीट खिडकीच्या जागी मायक्रोवेव्ह. प्लॅटफॉर्म मात्र मागच्या बागेत तसाच होता. रुळांच्या जागी गवत. ती गवताची वाट दरीपर्यंत जाते आणि संपते, कारण दरीवरचा पूल केव्हाच पाडलाय. पलीकडे बाजाराचं गाव आहे. तिथेही शेतात या लाइनचा एक पडका प्लॅटफॉर्म उभा आहे. पण कारने तिथे जायचं तर अख्ख्या दरीला वळसा, अर्धा तास सहज जातो.

पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी बाबांना सगळा इतिहास ऐकवला. हे दोन्ही 'रिक्वेस्ट स्टॉप' होते. म्हणजे गाडी आपणहून थांबायची नाही. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगून ठेवायचं, चढायचं असेल तर प्लॅटफॉर्मवर उभं राहून हात पुढे करायचा. बाबांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेत, एसटीने गावोगाव फिरण्यात गेलेली. ते एकदम खूश!

"म्हणजे आपलं 'हात दाखवा, एसटी थांबवा'च की गं!"

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बाजाराच्या गावात गेलो. टीरूममध्ये चहा आणि स्कोन, म्हणजे इथले गोडसर पाव, येईपर्यंत "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाबा बाहेर पडले, ते पडलेच. फोन कारमध्ये. वर पाऊस सुरू झाला. आम्ही चर्च, कार पार्क, नदीचा काठ, सगळं पालथं घातलं. शेवटी पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, कुठली औषधं घेतात ते सांगा. औषधांची पिशवी कॉटेजवर. मग निखिल तिथेच शोधत राहिला आणि मी कार घेऊन निघाले. रस्ताभर देवाचं नाव घेत होते. मी! बाबांना काही झालं तर भावाला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात चाललं होतं.

कॉटेजला कुलूप तसंच होतं. मी पिशवी घेतली. घरात नेटवर्क शून्य. फोन करायचा तर मागच्या प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं राहून, हात लांब करून फोन धरायचा, तेव्हा कुठे एक काडी यायची. तशीच पावसात उभी राहिले, फोन स्पीकरवर टाकला आणि निखिलला लावला. औषधांची नावं सांगणार, तेवढ्यात तोच ओरडला –

"मधू! दिसले! बाबा दिसले! त्या शेतातल्या प्लॅटफॉर्मवर उभे आहेत. हात पुढे करून काय करतायत कोण जाणे!"

"नक्की बाबाच?"

"माकडटोपी आहे गं! यॉर्कशायरमध्ये दुसरं कोण माकडटोपी घालणार?"

मी तिथेच रडायला लागले. हात मात्र खाली घेतला नाही, फोन तुटला असता. निखिलच्या धावण्याचा आवाज येत होता, धापा येत होत्या. मग तो थांबला.

"मधू... आत्ता इथे होते. मी बघत बघत आलो. आत्ता इथेच होते गं..."

"मधू."

हा आवाज फोनमधून आला नव्हता.

मी वळले. प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला बाबा उभे होते. माकडटोपी, तपकिरी कोट, हात मागे बांधलेले. मी अशी किंचाळले की फोन गवतात जाऊन पडला.

"अगं, ओरडतेस काय? तूच हात दाखवलास ना?"

मी धावत जाऊन त्यांना धरलं. कोट कोरडा होता. मी नखशिखांत भिजलेली, पावसाची धार चालू, आणि बाबांचा कोट उन्हात वाळत घातल्यासारखा कोरडा.

निखिल टॅक्सीने आला तेव्हा बाबा सोफ्यावर चहा पीत होते. तो दारातच खाली बसला. मग म्हणाला, "मी तुम्हाला तिथे पाहिलं, बाबा." एवढंच तीन-तीनदा.

बाबांनी सांगितलं ते असं. प्लॅटफॉर्म बघायला ते शेतात उतरले. गंमत म्हणून हात पुढे केला. गाडी आली आणि थांबली. जुनी, दोन डब्यांची. हेरिटेज गाडी असेल, पर्यटकांसाठी चालवत असतील, असं समजून ते चढले. आत माणसं होती, पण कोणी बोलत नव्हतं. गाडी सुटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गार्डला सांगायचं राहिलं.

"मी उठून त्याला म्हटलं, मला पुढच्या थांब्याला उतरायचंय. तो म्हणाला, आता उशीर झाला, पूल लागला. बाहेर तुमचं कोणी असेल आणि हात दाखवला, तरच थांबेल."

"मग?"

"मग तू होतीस."

नेटवर्क धड असतं, मी घरात बसून बोलले असते, तर? मी बाबांना विचारलं, गाडी पुढे कुठे जाणार होती? ते म्हणाले, विचारलं मी, कोणालाच माहीत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, वय झालंय, भास झाला असेल. आम्ही हॅरोला आल्यावर सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. कोणी लिफ्ट दिली असेल? तो एकच रस्ता आणि त्यावर मीच होते. आणि निखिलने पाहिलं त्याचं काय? मी टेस्टर आहे, सगळ्या बाजूंनी तपासून बसलेय. काही हाती लागत नाही.

पण मला झोपू देत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना बॅगा कारमध्ये भरल्या आणि बाबा दिसेनात. मागे धावले तर ते प्लॅटफॉर्मच्या कडेला उभे. हात पुढे.

"बाबा! काय चाललंय? आधी इकडे या!" मी भयंकर चिडले होते.

"मी उतरलो तेव्हा समोरची बाई पण उठली होती," बाबा म्हणाले. "तुझ्या आईच्या वयाची असेल. गार्डने तिला विचारलं, बाहेर तुमचं कोणी आहे का? ती काही बोलली नाही. परत बसली."

मी होते तिथेच थांबले.

"तिला उतरायचं होतं, मधू."

निखिल मागून आला होता, त्याने ऐकलं. तो परत गेला, कारचं इंजिन बंद करून आला आणि बाबांच्या बाजूला उभा राहिला. मग मीही गेले. तिघं हात पुढे करून गवताकडे बघत राहिलो. मालकीणबाई खिडकीतून बघत होत्या, पण काही विचारायला बाहेर आल्या नाहीत.

काहीच आलं नाही. लंडनची वाट लांब होती, निघायला हवं होतं... तरी आधी हात खाली घ्यायचं धाडस आमच्यापैकी कोणाला होईना.