‘सुटला’ हा टॅग मी लावला नाही

‘काकू, तुमचं काम बरणीवर चिठ्ठी चिकटवायचं. आत काय घालायचं ते आम्ही बघतो.’

फोन स्पीकरवर होता. पलीकडे पुण्यात पाचसहा जण हसले. इकडे अमरावतीत आम्ही आठ बायका खाली मान घालून बसलो. काकू म्हणजे मी. बोलणारे आमचे साहेब, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.

काम असं होतं. कंपनीचे प्रोग्रामर आपल्या अडचणी एका साइटवर टाकायचे. आम्ही प्रत्येक प्रश्न वाचून त्याला टॅग, म्हणजे विषयाची चिठ्ठी, लावायचा. डेटाबेस, फॉन्ट, छपाई. म्हणजे एका जातीचे प्रश्न एका जागी सापडतात. टॅग लावणाऱ्यांनी उत्तर द्यायचं नाही. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण आमच्या लॉगिनला उत्तराची चौकटच दिसत नसे.

त्याआधी अकोल्यात मी अठरा वर्षं टायपिंग शिकवलं. यंत्रं भंगारात गेली, मी तेवढी उरले. टॅगचा नाद असा लागला की एकदा नवऱ्यानं विचारलं, ‘मले कोणता टॅग लावला व?’ मी म्हटलं, ‘अनुत्तरित.’ तो दोन दिवस बोलला नाही. म्हणजे टॅग बरोबर होता.

त्या वर्षी वरुडकडं गारपीट झाली. संत्र्याचा बहार मातीत गेला. शेतकऱ्यांच्या सरकारी मदतीच्या यादीचं सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीकडं. एका प्रोग्रामरनं विचारलं, यादीत तीच तीच नावं दोनदा येतात, काय करू? दुसऱ्यानं उत्तर दिलं, नाव-आडनाव जुळलं की दुसरी ओळ उडव.

मी खुर्चीत सरळ झाले. वरुडजवळचं शेंदूरजनाघाट माझं माहेर. तिथं बाजारात ‘गजानन’ म्हणून हाक मारा, अर्धा बाजार मागं वळून पाहतो. आमच्या एका गल्लीत आमच्याच आडनावाचे दोन गजानन. एक माझा चुलतभाऊ, एक मास्तर. बाप वेगळे, वावरं वेगळी.

टॅग का लावला, हे लिहायला आम्हाला छोटी जागा असे. तिथं मी लिहिलं, ही दोन माणसं आहेत, बापाचं नाव आणि गट नंबर जुळवा.

त्यावरच तो बरणीवरच्या चिठ्ठीचा फोन आला होता. आणि मी काय म्हटलं? ‘सॉरी सर.’ घरी येऊन भांडी आपटली. भांड्यांनी माझं काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी पुन्हा स्पीकरवरून साहेबांचा हुकूम आला. त्या प्रश्नाला ‘सुटला’ हा टॅग लावा. तो लागल्याशिवाय यादी पुढं जात नव्हती. शेजारची सलमा पुटपुटली, ‘ताई, लावून टाक. नोकरी जाईन.’ तिचं खोटं नव्हतं. माझा हात माउसवर होता. मी काढून घेतला.

‘नाही लावत सर. तो सुटला नाही.’

‘काकू, हा तुमचा विषय नाही.’

‘गाव माह्यं आहे. तुमी एका तरी गजाननाले त्याच्या बापाचं नाव इचारलं?’

ऑफिसात तोवर मी पुण्याची भाषा नेसून बसत असे, लग्नात मागून आणलेल्या शालूसारखी, सारखी सावरत. त्या दिवशी सुटली. पलीकडे कोणी हसलं नाही. टॅग साहेबानं स्वतः लावला. दुपारपर्यंत माझं लॉगिन बंद.

यादी लागली. मास्तर आत, भाऊ बाहेर. त्याचा फोन आला. ‘ताई, मी यादीत नाहीच. काहून व?’

मी म्हटलं, मले माहीत होतं. पयल्या दिवशी मी सॉरी म्हणून बसली.

आता मी गावोगाव जाऊन उडालेली नावं लिहून घेते, बापाच्या नावासकट, गट नंबरासकट. तहसीलच्या टेबलावर ठेवते. खाली माझी सही. तोच प्रश्न मी साऱ्या जगाला दिसेल अशा साइटवर टाकला आहे, उत्तरासकट, माझ्या नावानं. तिथंही कोणी म्हणेल, काकू, हा तुमचा विषय नाही. म्हणू दे. उत्तर येत असताना मी पुन्हा गप्प बसणार नाही. आणि सॉरी तर नाहीच.