मुलतानच्या पायरीवरचा न्हावी

मुलतानच्या सूर्यदेवळाच्या पायरीवर सीहू न्हावी आयुष्यभर बसला आणि आयुष्यभर लोकांना नावं ठेवत राहिला. दर्शनाआधी यात्रेकरूंनी डोकं-दाढी उतरवायची, ही तिथली रीत. त्यामुळे भलेभले त्याच्यापुढे मान घालून बसत आणि मुकाट ऐकून घेत. "मूर्ती फोडणारे म्हणे हे अरब!" तो म्हणायचा. "आमच्या देवाला बोट लावत नाहीत. दुभती म्हैस कोण कापतं?" त्यात खोटं काहीच नव्हतं. देवापुढचं दान मुलतानवर राज्य करणाऱ्या अरब अमिराच्या घरी जायचं आणि पुजारी उरलंसुरलं चाटायचे.

सीहूच्या मुलाला, जेसरला, हे सोसवेना. अमिराला हाकलेपर्यंत दाढीला वस्तरा लावणार नाही, घराचा उंबरा ओलांडणार नाही, अशी शपथ घेऊन तो अमिराशी वैर असलेल्या कनौजच्या राजाच्या फौजेत गेला. न्हाव्याच्या पोराने दाढीची शपथ घ्यावी! सीहू चारचौघांत हसायचा. घरी मात्र पोराचं ताट रोज मांडायला लावायचा.

अखेर ती फौज गावाजवळच्या चिनाब नदीपाशी आली. अमिराने नेहमीचंच केलं. मूर्तीजवळ घणवाले उभे करून निरोप धाडला, पुढे याल तर देवाचे तुकडे करीन. पुजारी छाती बडवत नदीकडे धावले, त्यांच्यामागे सगळा बाजार. "मागे फिरा हो, देवाला वाचवा!" फौजेने लांबूनच हात जोडले आणि पाठ फिरवली. केवढा तो पराक्रम!

इथवर आलोच आहोत तर दर्शन घेऊ, म्हणून बरेच सैनिक हत्यारं ठेवून गावात आले. त्यांत जेसरही होता. तो बापासमोर येऊन बसला.

"बसा महाराज," सीहू म्हणाला. "घेतलंत का मुलतान?"

"बाबा, त्याने मूर्ती फोडली असती."

"फोडतोय! मग खाल्लं काय असतं त्याने? इथल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे हे."

"तुम्हालाही?"

"मला तर तू जन्मायच्या आधीपासून!"

"मग नदीवर 'मागे फिरा' म्हणून सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच का ओरडत होतात?"

सीहूने वस्तरा उचलला. जेसरमागे दाढी उतरवायला आलेल्या यात्रेकरूंची रांग लागली होती. त्याने पोराची मान वाकवली आणि दाढी उतरवायला घेतली.

जेसर उठला, परक्या यात्रेकरूसारखी मजुरी चटईवर ठेवली आणि देवळात गेला. शपथेतली दाढी गेली, पण उंबऱ्याची गोष्ट त्याने पाळली. त्या दिवशीही त्याचं ताट तसंच उचललं गेलं.