आजी चष्मा विसरून गेली

त्या दुपारी मी आणि बायको ओसरीवर कळशी घासत बसलो होतो. खरं म्हणजे घासत होती ती, मी नुसती कळशी फिरवत होतो. आम्ही तांबट. तांब्याचा पत्रा ठोकून भांडं घडवायचं हे माझं काम आणि चिंच-मीठ लावून त्याला उजाळा आणायचा हे बायकोचं. चाळीस वर्षं हीच वाटणी. कळशी अर्धी लखलखली आणि वाटीतली चिंच संपली. ती म्हणाली, "राहिलेली उद्या. तुमचा हात आता भलतीकडंच फिरतोय." मी म्हटलं, फिरणारच, सकाळपासून पोटात काही नाही. ती चष्मा काढून कोनाड्यात ठेवून भाकरी टाकायला उठली. तिन्हीसांजेला तिच्या छातीत कळ आली आणि शेजारचा माणूस डॉक्टरांना घेऊन ओसरी चढेपर्यंत ती गेलीसुद्धा.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे. लिहायची सवय नाही. पण दहा-अकरा वर्षं झाली, ही गोष्ट छातीवर बसून आहे, आणि यात माझी जी चूक झाली ती मीच सांगितली पाहिजे.

घरात आमच्याबरोबर सुमी होती, माझ्या मुलीची मुलगी. तिची आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली आणि बापाने दुसरं लग्न केलं, म्हणून ती अंगावरच्या दुपट्यासकट आमच्याकडे आली. तेव्हा सात वर्षांची होती. आई म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. तिला आजी ठाऊक होती.

नवऱ्याच्या आधी कुंकू लावून गेलेली बाई आमच्यात भाग्याची मानतात. तिला नवरीसारखी सजवतात. गल्लीतल्या बायकांनी हिला हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, मळवट भरला, खणानारळाने ओटी भरली आणि एकेक जण पाया पडून गेली. सुमी दारात उभी राहून सगळं बघत होती. कुणीतरी तिला उचलून शेजारच्या घरात नेऊन बसवलं. आम्ही परत आलो, अंघोळी झाल्या, तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि विचारलं, "आजी एवढी नटून कुठं गेली?"

मी म्हणालो, "घोटीला. लग्नाला."

घोटी हिचं माहेर. तोंडात आलं ते बोलून गेलो. पोरगी समोर उभी, आणि खोटं बोलायला एक क्षण पुरतो. "मला का नाही नेलं?" म्हणून ती रुसली. मी म्हणालो, येईल चार दिवसांत. मग इतर लोकही तेच सांगायला लागले. शेजारीण तिला भरवताना म्हणायची, जेव गं, आजी लग्नातले लाडू आणील. सगळी गल्ली माझं खोटं सांभाळत होती, आणि सगळ्यांना वाटत होतं की आपण पोरीवर माया करतोय. माया होतीच. कुणाला नावं ठेवत नाही.

सुमी जेवेनाशी झाली. दोन घास खायची आणि ओसरीच्या पायरीवर जाऊन बसायची. रडली नाही एकदाही. दहावं झालं, सुतक फिटलं, तरी मी देवघराकडे फिरकलो नाही. गडावरची देवी आमचं कुलदैवत. तिचा टाक चाळीस वर्षं मी रोज धुतला होता. आता वाटायचं, घ्यायचं होतं तर मला घ्यायचं. म्हातारा तांबट गेला असता तर काय बिघडलं असतं? पोरीला आजी राहिली असती. देवीशी मी भांडण मांडलं होतं आणि तेही तोंड फिरवून.

बारावा दिवस रविवारचा होता. दुसऱ्या दिवशी तेरावं, म्हणून घरात बायका लाडू वळायला बसल्या होत्या. सुमी आत आली, लाडवांकडे बघितलं आणि म्हणाली, "लग्न घोटीला आहे ना? मग लाडू इथं कशाला?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, जा बाई बाहेर खेळ. मी खाटेवर पडून ऐकत होतो. तेव्हाही उठलो नाही. तेव्हाही बोललो नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला शेजारीण भात घेऊन आली तर सुमी नव्हती. माळ्यावर नाही, मोरीत नाही, मागच्या बोळात नाही. खुंटीवरचा तिचा सणाचा परकर-पोलका नव्हता. मग माझं लक्ष कोनाड्याकडे गेलं. कोनाडा रिकामा होता. चष्मा गेला होता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बारा दिवस ती एकच गोष्ट अधूनमधून म्हणत होती आणि मी ती कानाआड करत होतो. आजी चष्मा विसरून गेली. तिला तिकडे दिसत नसेल.

आमच्या गल्लीत दिवसभर हातोड्यांचा आवाज असतो. त्या दिवशी तो एका दमात थांबला. प्रत्येक घरातला माणूस बाहेर पडला. कोणी एस.टी. स्टँडकडे, कोणी भाजीबाजाराकडे, कोणी शाळेकडे. मी आधी गंगेवर धावलो. नाशकात नदीला आम्ही गंगाच म्हणतो. पायऱ्यांवर परकर वाळत घातलेला दिसला की धावत जाऊन उलटून बघायचो. धुणं धुणाऱ्या बायकांना विचारलं, नावाड्यांसारखा काठाकाठाने वाकून पाण्यात बघत गेलो. नव्हती. मग वाटलं, घोटीला जायचं म्हणजे मुंबईचा रस्ता, आणि मुंबईच्या गाड्या मिळतात द्वारकेच्या चौकात.

द्वारकेला पोचलो तेव्हा पायात चपला नव्हत्या हे मला कुणीतरी सांगितलं. चारी बाजूंनी ट्रक, एस.ट्या, टेम्पो. एक हमाल म्हणाला, हो, लाल परकरवाली, हातात म्हातारीचा चष्मा होता, ती घोटीची गाडी कुठली म्हणून ट्रकवाल्यांना विचारत फिरत होती. पुढे? पुढचं त्याला माहीत नव्हतं. तेवढ्यात दुसरा म्हणाला, "एक बाई तिला हाताला धरून घेऊन गेली."

कोण बाई? कुठली? त्याने खांदे उडवले.  मी तिथंच रस्त्याच्या कडेला, दगडावर बसलो. नवस बोलायला तोंड उघडलं, पण देवीला द्यावं असं माझ्याजवळ काय उरलं होतं? खण-नारळ? तो बायकोच्या ओटीत गेला होता. मग नवस सोडून दिला. बारा दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून म्हणालो, "माझ्या हातात काही नाही. मी खोटं बोललो. आता तूच बघ." एवढंच. डोळे पुसून उठलो, तर समोरचा पानटपरीवाला हात करून बोलावत होता.

"ओ बाबा, लाल परकर ना? अहो, कवाधरनं बघतोय कोण येतंय ते. दवाखान्यातली आया आहे, शेवंताबाई. इथंच बससाठी उभी असते रोज. सांगून गेलीय, कोणी शोधत आलं तर आमच्या वस्तीत पाठवा, विहारात." वर तो हेही म्हणाला, की पोरगी ट्रकच्या पायरीवर चढली होती, बाईने खाली ओढली.

ती वस्ती बौद्धांची होती. मी आयुष्यभर नाशकात राहिलो, पण तिथं कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या लोकांत त्यांच्या घरचं पाणी पीत नसत आणि मीही त्यातलाच. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

विहार म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली. बाहेर चपलांचा ढीग, सगळ्या लहान लहान. आत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि जमिनीवर दहा-बारा पोरं गोल बसलेली. त्यांच्यात माझी सुमी. तिचं तोंड रडून सुजलं होतं. पोरगी सापडली म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता, पण ते रडकं तोंड बघून माझं डोकंच फिरलं. दारातली पन्नाशीची बाई हीच शेवंताबाई असणार हे ओळखून मी तिच्यावरच गेलो. म्हणालो, काय सांगितलं माझ्या पोरीला?

"खरं ते सांगितलं," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा.

"तुम्हाला कोणी सांगितलं सांगायला?"

"तिनं विचारलं, बाबा. म्हणाली, बायका पाया का पडत होत्या? आजी उठून चालत का नाही गेली? शेजारच्या खिडकीतनं दिसलं, चौघांनी का उचललं? सात वर्षांची आहे, आंधळी नाही. तिनं तुम्हालाही विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलंत?"

 मग तिने मला बाजूला घेऊन थोडक्यात सांगितलं. तिचा नवरा गेला तेव्हा मुलाला तिने सांगितलं होतं, बाबा मुंबईला कामाला गेलेत. ते पोर दोन वर्षं टपालवाल्याच्या मागे फिरलं. खरं कळल्यावर बापाच्या मरणाचं त्याला जेवढं लागलं नाही तेवढं आईच्या खोट्याचं लागलं. तेव्हापासून वस्तीत कुणाचं घरचं माणूस गेलं की त्या घरातल्या पोरांना रविवारी इथं आणून बसवतात. येताना पोरांनी गेलेल्या माणसाची एक वस्तू आणायची. ती हातोहात फिरते. ज्याच्या हातात येईल त्याने काही विचारायचं, नाहीतर आपल्या माणसाचं सांगायचं. मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही. कोणी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच बसवलेलं.

आता बायकोचा चष्मा फिरत होता. एका पोराने तो नाकावर चढवला आणि म्हणाला, "यातनं तर सगळं धूसर दिसतंय." सुमी हुंदका गिळून म्हणाली, "तुला धूसर. आजीला सुईत दोरा दिसायचा." एक मुलगी म्हणाली, माझी आई पण जाताना काहीच घेऊन गेली नाही, चप्पल पण नाही. दुसरा म्हणाला, माझे आण्णा स्वप्नात येतात, पण बोलत नाहीत. सुमीने त्याला विचारलं, "मग तू बोलतोस का?" तो म्हणाला, "बोलतो की."

माझं तिच्याकडे लक्ष आहे हे तिला दिसलं. ती उठून दारात आली.

"आजोबा, आजीला जाळलं का?"

मी खाली बसलो, तिच्या डोळ्यांसमोर डोळे येतील असा. म्हणालो, "हो."

"तिला भाजलं?"

"नाही. मेल्यावर भाजत नाही. दुखत पण नाही."

"तुम्ही होता तिथं?"

"मीच अग्नी दिला."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. मला वाटलं, आता ही मला कधी शिवणार नाही. पण ती गळ्यात पडली, आणि बारा दिवसांचं सगळं बाहेर आलं. तिचं आणि माझंही.  गोलातल्या एका पोराने तेवढ्यात चष्मा पुसून ठेवला.

निघताना मी शेवंताबाईला म्हणालो, देवीने तुम्हाला पाठवलं. ती हसली. "मला कोणी देवी-बिवी पाठवत नाही, बाबा. माझी बस चुकली होती, म्हणून उभी होते." तिने पाण्याचं भांडं पुढे केलं. सुमी गटागटा प्यायली. मी मात्र नको म्हणालो. तोंडाला कोरड पडली होती, तरी सवयीने नको म्हणालो. तिला कळलं. ती भांडं आत घेऊन गेली.

घरी सुमीने एक अख्खी भाकरी खाल्ली. गल्लीतल्या बायकांना मी बसवून सांगितलं, आजपासून हिच्याशी खरं बोलायचं, आणि हिच्या आजीचं नाव चोरून घ्यायचं नाही. लाडूवाली शेजारीण डोळ्याला पदर लावून म्हणाली, मग हिची आजी लाडवात वेलदोडा जास्त घालायची ते सांगू का? सुमी म्हणाली, सांगा.

देवीने केलं की चुकलेल्या बसने, ते मला ठरवायचं नाही. शेवंताबाईचं म्हणणं तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी. मला एवढं कळलं, की मी देवीला "तूच बघ" म्हणालो ते तोंडानं. कृपा दाराशी आली तेव्हा मी तिच्या हातचं पाणी नाकारलं. शरण जायचं म्हणजे ती कुणाच्या हातून येईल हेही तिच्यावर सोडायचं. चाळीस वर्षं टाक धुऊन मला ते कळलं नव्हतं. सुमी आता मोठी झाली आहे, आणि कुणाकडे मयत झाली की पोरांजवळ जाऊन बसते. तिच्याकडूनच मी हे पुन्हा पुन्हा शिकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तेराव्याचे पाहुणे यायच्या आत, मी चिंच भिजवली. आयुष्यात पहिल्यांदा चिंच माझ्या हातात होती. सुमी कळशी फिरवायला बसली. राहिलेली अर्धी बाजू मी घासली, चांगली लखलखली. बायकोने घासलेली बाजू एवढ्या दिवसांत पुन्हा काळवंडली होती. मी तिकडे हात नेला तशी सुमीने कळशी वळवली. म्हणाली, "ती आजीनं घासलीय."

तशीच ठेवली. तेराव्याला भटजींना हीच द्यायची असं ठरलं होतं, पण त्यांच्यासाठी मी दुसरी काढली. ही डोक्यावर घेऊन, सुमीचा हात धरून, वस्तीत गेलो. शेवंताबाई नळावर होती. तिने कळशी बघितली, दोन रंगांची का म्हणून विचारलं नाही. तिनेच पाणी भरून ती विहाराच्या दाराशी ठेवली. काल चष्मा नाकावर चढवणारा पोरगा शाळेला निघाला होता, तो आला, फुलपात्र बुडवून प्यायला. मग सुमी प्यायली. मग तेच फुलपात्र शेवंताबाईच्या हातून घेऊन मी प्यायलो.