टचवाल्याला माउस लागत नाही

आईला मी माझं सगळं सांगते. कॉलेजात एका विषयात नापास झाले ते सांगितलं, कोणाच्या गाडीवर मागे बसून कुठे गेले होते तेही सांगितलं. हे नाही सांगितलं. भांडणात तोंडातून निसटलं नाही, तापात बडबडले नाही. आज तुम्हाला सांगते — कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखत नाही तेच बरं आहे.

गोष्ट एका लॅपटॉपची आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आमच्या खानदानात पदवीचा पहिला कागद माझा. आजोबा भंडाऱ्याकडचे, शेतीवाले. बाबा आठवी करून भिलाईला आले आणि पोलादाच्या प्लांटात लागले. मी बी.कॉम. हे मी कुठेही, कोणी न विचारता सांगते — आताही सांगितलंच, बघा. सेक्टर 2 च्या आमच्या क्वार्टरात इंग्रजी अक्षर असलेलं काहीही आलं की ते आधी माझ्या हातात यायचं. कुकरचा कागद, आईचे डोळ्यांचे थेंब, बाबांची प्लांटातली नोटीस. मी वाचून सांगायची, ते दोघं मान डोलवायचे. त्या डोलवण्याची मला चटक लागली होती. वाईट चटक होती.

एम.कॉम.ला प्रवेश घेतला तेव्हा लॅपटॉप घ्यायचं ठरलं. तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. रजिस्टरच्या मागच्या पानावर रकाने पाडले. वजन किती, कारण रोज बसनं दुर्गच्या कॉलेजात न्यायचा. बॅटरी किती तास. स्क्रीन टचची हवी, पूर्ण मागे वळून पाटीसारखी होणारी, म्हणजे नोट्सवर बोटानं खुणा करता येतील. आणि शेवटचा रकाना — थोडे गेम. मारामारीचे मोठे नाही. अभ्यासातून डोकं वर काढलं की पंधरा मिनिटं खेळता येतील असे हलके. बाबांनी ते पान दोन्ही हातात धरून बराच वेळ पाहिलं आणि एकच विचारलं.

"यात कॅरम असते का?"

आता कॅरमचं सांगावं लागेल. बाबा सेक्टरच्या क्लबात कॅरम खेळायचे तेव्हा लोक चहा हातात घेऊन बोर्डाभोवती उभे राहायचे आणि तो चहा तसाच थंड व्हायचा. मी लहान असताना घरी माझ्याशीही खेळत, पण एकदाही मुद्दाम हरले नाहीत. मी रडले तरी नाही. "हरवून दाखव ना माय, मंग रड," म्हणायचे. हे मी कारण म्हणून सांगत नाही. कारण नाहीच ते.

सारी नोकरी त्यांची कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांच्या, दारांपुढे झाली. बोटांची टोकं भाजायची, बरी व्हायची, पुन्हा भाजायची. होता होता दोन्ही हातांच्या बोटांवर कातडी उरलीच नाही, खूर आला. तव्यावरची पोळी ते उचलून घ्यायचे. आई म्हणायची, आमच्या घरी चिमटा लागत नाही, हे आहेत. पण त्या बोटांना स्ट्रायकर कळेना. टिचकी मारायचे एकीकडे, जायचा दुसरीकडे. एकदा क्लबात त्यांचा स्ट्रायकर बोर्डाबाहेर उडून कोणाच्या तरी चहात पडला. लोक हसले. बाबाही हसले, घरी आले, आणि पुन्हा क्लबात गेले नाहीत. आमचा बोर्ड कपाटामागे उभा राहिला तो राहिलाच.

दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलका. मी माझं पान काढलं, तो चमकला — "मॅडम तो पूरा होमवर्क करके आई हैं।" मला बरं वाटलं. त्यानं मला हवा तसाच एक समोर ठेवला, स्क्रीन मागे वळवून टेबलावर सपाट केली आणि कॅरम लावून दाखवला. स्ट्रायकरवर बोट ठेवायचं, मागे ओढायचं, सोडायचं. बस. टिचकी नाही, जोर नाही.

बाबा वाकून पाहत होते. "नुसतं बोट सरकवाचं? नुसतं?" त्यांनी दोनदा विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हाच घे." बिनटचचा एक बाजूला होता, तो त्यांनी पाहिलाही नाही. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ना, ते मी नंतर कधी पाहिलं नाही. कसं पाहणार? मीच तर —

थांबा. क्रमानं सांगते.

बिल बनत होतं तेव्हा बाबांनी हळूच स्ट्रायकरवर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. दाबलं. दुसरं बोट, मग डावा हात. दुकानदारानं फडक्यानं स्क्रीन पुसली, स्वतःचं बोट लावलं, चालला. बाबांनी लावलं, नाही. "अंकल, आपकी उंगली में करंट नहीं है," तो म्हणाला. काउंटरवर आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती हसली. आणि मी — पदवीवाली, रकाने पाडणारी — मी त्यांच्याहून मोठ्यानं हसून म्हटलं, "भैया, मशीन इनको मुर्दा समझ रही है।"

सगळे मोठ्यानं हसले. बाबाही हसले. स्ट्रायकर चहात पडला होता तेव्हा हसले होते, तसेच.

मग ते स्कूटर काढायला बाहेर गेले. दुकानदारानं खालच्या कप्प्यातून एक माउस काढला, पाकीटबंद, आणि माझ्या पिशवीत टाकला. "अंकल के लिए। बस लगा देना, आराम से खेलेंगे।" त्याला वाईट वाटलं असावं. परक्याला वाटलं. मी तो माउस पिशवीच्या तळाशी सरकवला, त्यावर लॅपटॉपचा खोका ठेवला, आणि घरी येऊन माझ्या टेबलाच्या खालच्या खणात टाकून दिला.

का? त्या क्षणी माझ्याजवळ काही बेत नव्हता. पण दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच विचारलं.

"आमच्या टाइम ऑफिसात बाबूच्या टेबलावर थे राह्यते ना, उंदरावानी — थे याले नसते का?"

मी मान वर न करता म्हटलं, "टचवाल्याले माउस लागत नाही बाबा. लावला तं स्क्रीन खराब होते."

"असं हाय का," ते म्हणाले आणि मान डोलवली.

हेच ते. माझी शाळा हिंदीत झाली, कॉलेज हिंदीत, पण हे खोटं मी घरच्या बोलीत बोलले. माझा पाय त्या वेळी त्याच खणाला टेकलेला होता.

इथे थांबले असते तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. कोण लिहितो एका वाक्याचं? पण बाबा थांबले नाहीत. त्यांना वाटलं, दोष बोटांचा आहे, तर बोटं सुधारता येतील. कोमट पाण्यात हात बुडवून बसायचे. खोबरेल तेल, ग्लिसरीन, कोणी सांगितलं म्हणून साय. वाकवलेल्या बोटाच्या पेरानं स्क्रीन चालते हा शोध त्यांनीच लावला आणि दोन दिवस खुशीत होते. पण पेरानं नेम कसा साधणार? अख्खी मूठ सोंगटीवर आडवी येते. मी पलंगावर पुस्तक धरून बसायची आणि पुस्तकाच्या वरून हे पाहायची. मला कीव यायला हवी होती ना? मला मजा येत होती. ज्या माणसानं मला एक डाव दिला नाही, तो आता माझ्या मशीनपुढे ओल्या हातांनी बसला होता, आणि किल्ली माझ्या खणात होती. घरातलं एक दार असं होतं की मी उघडलं तरच उघडेल. हे सुख मी भोगलं. दुसरा शब्द नाही.

मग त्यांनी तोड काढली. "तू मार, मी सांगतो." माझ्या खुर्चीमागे उभे राहून सांगायचे. "ती काळी, कोपऱ्यातली. हळू. नुसता धक्का दे." आणि मी जोरात मारायची. "आता राणी घे, सामोरच्या पट्टीवरून." मी पट्टी चुकवायची. चुकून नव्हे. मला कळत होतं कुठे मारायचं ते. लहानपणापासून त्यांच्याच समोर बसून शिकले होते. त्यांच्या तोंडून दर वेळी लहानसा "च्" निघायचा, तो ऐकण्यासाठी मी मारायची. आठ-दहा दिवस चाललं असेल. एका संध्याकाळी म्हणाले, "राहू दे माय, तू अभ्यास कर. तुले नाही जमत थे." आवाजात राग नव्हता. आपल्याला शिकवता आलं नाही, असं त्यांना वाटलं असावं.

आणि एक सांगायचं राहिलं. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिते.

एका दुपारी कॉलेजातून आले तर लॅपटॉप टेबलावर उघडा होता, स्क्रीनवर कॅरम. बाबा खेळत होते. खरंच खेळत होते — स्ट्रायकर त्यांच्या बोटामागे चालत होता, दोन सोंगट्या त्यांनी माझ्या समोर पॉकेटात घातल्या. वळून पाहिलं आणि म्हणाले, "ओळखते वं आता मले." मी जवळ गेले. टेबलावर पॉलिश पेपरचा तुकडा पडला होता, दारं रंगवण्याआधी घासतात तो. त्यांनी उजव्या हाताचं बोट घासलं होतं. खूर निघेपर्यंत. स्क्रीनवर लाल-पिवळी रेघ ओढली गेली होती, स्ट्रायकर जिथून जिथे नेला तिथवर.

त्या वेळी सांगता आलं असतं. खण दोन हातांवर होता. मी काय म्हटलं माहीत आहे?

"स्क्रीन कावून घाण केली? मले यावर प्रोजेक्ट कराचा आहे."

त्यांनी बनियनच्या टोकानं स्क्रीन पुसली. मी त्याच संध्याकाळी पासवर्ड टाकला. बोट भरलं, पुन्हा खूर आला, आधीपेक्षा जाड. मग ते लॅपटॉपच्या वाटेला गेले नाहीत. आणि नुसत्या लॅपटॉपच्याच नाही. बँकेतल्या मशीनपुढे, दवाखान्यातल्या मशीनपुढे, शेजाऱ्याच्या मोबाईलपुढेही ते हात पाठीमागे बांधून उभे राहू लागले. कोणी म्हटलं, अंकल, इथे बोट लावा, की आधीच सांगायचे, "मले नाही ओळखत थे." त्यात हसायचे. मुर्दा हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. मी वापरला होता.

माझं एम.कॉम. झालं. चांगल्या मार्कांनी. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, आम्ही जवळच उतईला घर केलं. घराच्या पुढच्या खोलीत मी ट्यूशन घेते. लॅपटॉप तोच आहे. मी वस्तू जपते. मागच्या हिवाळ्यात मनगट दुखायला लागलं म्हणून एक दिवस खणातलं ते जुनं पाकीट फोडलं आणि माउस लावला. लगेच चालला. इतकी वर्षं पाकिटात होता आणि लगेच चालला.

दोन दिवसांनी बाबा बिघडलेला पंखा पाहायला खोलीत आले. हातात स्क्रू ड्रायव्हर. टेबलापाशी थांबले. वायर पाहिली, माउस पाहिला. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला आणि माउसवर हात टेकवला, झोपलेल्या मांजरावर ठेवावा तसा. हलवला. स्क्रीनवर बाण हलला. त्यांनी गोल फिरवला, बाण गोल फिरला.

"चालते ना माह्या हातानं," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. सत्तरीला आलेला माणूस. बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

"टच गेला याचा," मी म्हटलं. "टच गेल्यावर माउस लावता येते."

टच गेलेला नव्हता. आजही चालतो.

"हाव का," ते म्हणाले. त्यांनी हात उचलला, पँटीला पुसला. "चांगला टिकवला पण तुनं." मग स्टूल ओढून पंख्याखाली चढले. मी विचारलं नाही की खेळता का. त्यांनीही विचारलं नाही. पोरं यायची वेळ झाली होती, आणि मी फळा पुसायला घेतला.

आता ते आतल्या खोलीत आईजवळ बसून लाखोळीची पालेभाजी निवडत आहेत. बोलणं ऐकू येतं. देठ कडक निघाले म्हणून आई भाजीवाल्याला नावं ठेवते आहे, बाबा म्हणतात, "मले कायचे कडक, माही बोटं पाहा." दोघं हसतात. माझा हात माउसवर आहे.

बाबांना मराठी वाचता येतं. चष्मा लावून सावकाश वाचतात, पण सगळं वाचतात. हे मी त्यांना दाखवणार नाही.