दसऱ्याच्या मुहूर्तावरची नवी आवृत्ती

नगरच्या एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग करणाऱ्या आमच्या कंपनीत ईमेल नव्यानेच सुरू झालं, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी आणि श्रीगोंद्याकडचा माझा सहकारी. डिप्लोमा सारखाच, पगारही सारखाच. फरक एवढाच की तो वाचून बोलायचा आणि मी साहेबांचा चेहरा पाहून.

मेल सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीमची कोणती आवृत्ती घालायची, ते ठरवायचं होतं. जुनी त्याने उन्हाळाभर चालवून पाहिली होती, एकदाही अडली नव्हती. नवी नुकतीच आली होती, मासिकासोबत फुकट मिळालेल्या चकचकीत सीडीवर.

"राव, नवी लई कच्ची हाय," तो म्हणाला. "लोकं चुका काढतील, दुरुस्त्या येतील, मग घेऊ. साहेबांना तुमी सांगा. तुमचं ऐकत्यात."

ऐकायचे खरे. त्यांना आवडेल तेच मी सांगायचो ना.

साहेबांनी दसऱ्याचा मुहूर्त धरला होता. "दसऱ्याला कुणी जुनी गाडी घरी आणतं का हो?" त्यांनी विचारलं. तांत्रिकदृष्ट्या हा मुद्दा बिनतोड होता. "नवीच घालू, साहेब," मी म्हणालो. मग सहकाऱ्यानेच ती बसवली. मला झेंडूचे हार आणायला जायचं होतं.

पूजा थाटात झाली. लेथला, ड्रिलला आणि सर्व्हरला एकाच ताटातलं कुंकू लागलं. चार अक्षता फ्लॉपीच्या फटीतही गेल्या. आता याला काही होत नाही, असं साहेब म्हणाले.

झालं ते दिवाळीनंतर. नवी आवृत्ती मेल घ्यायची, पाठवणाऱ्याला पोच द्यायची आणि मेल पोटात ठेवून गप्प बसायची. अगदी माझ्याच वळणाची. परदेशी गिऱ्हाइकाने ड्रॉइंग बदलल्याचा मेल असाच आत राहिला. आम्ही जुन्या मापाने माल केला, तो सगळा परत आला.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "हे बसवलं कुणी?"

"यांनी," मी म्हणालो. एक अक्षर खोटं नव्हतं. इतकं काटेकोर खरं मी आयुष्यात पुन्हा बोललो नाही.

बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "व्हय राव, बसवलं तर मीच." महिनाअखेर त्याला काढलं. घरी नुकतीच मुलगी झाली होती त्याच्या. बर्फी मीही खाल्ली होती.

तो गेल्यावर मी त्याने पारखलेली जुनी आवृत्ती त्याच्याच कपाटातून काढून बसवली. ती पुढे कधी अडली नाही. एकदा पुण्याहून पाहुणे आले, त्यांनी सर्व्हर पाहून कौतुकाने विचारलं, "ही निवड कुणाची?"

मी एरवी फार कमी बोलतो. तेव्हा मात्र साहेबांच्या आधी तोंड उघडलं. "माझी," म्हणालो.